रावानला विस्तव लागतो

विनिताच्या नाचाच्या वर्गात पहिला धडा पायांचा नसे, कानांचा असे. दुबईत ऊद मेथा भागातल्या एका संस्थेच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी करामा आणि बर दुबईतली नऊ मुलं गोल करून बसायची. मधोमध विनिता मांडी घालून बसायची आणि आपलं रावान उभं धरायची. रावान म्हणजे सुपाहून मोठा डफ. लाकडाचं कडं आणि त्यावर ताणून बसवलेलं बकऱ्याचं कातडं. एसीत गारठलेल्या त्या कातड्यावर ती एक थाप मारायची आणि विचारायची, "काय म्हणतंय?"

"थप्प," अर्श म्हणायचा.

"म्हणजे काय म्हणतंय?"

"इट्स कोल्ड, मिस," ॲनेट सांगायची. दहा वर्षांच्या ॲनेटला मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून उत्तर निघायचं ते इंग्रजीच.

"बरोबर. थंडी वाजतेय त्याला. चला."

मग सगळी वरात मागच्या पँट्रीत जायची. तिथे चहाची गॅसची शेगडी होती. विनिता ज्योत बारीक करून रावान हातभर उंचीवर धरायची आणि गोल गोल फिरवायची. पापड भाजावा तसं, पण पापडाच्या दसपट सावकाश. मुलांनी ओट्यापासून दोन पावलं लांब उभं राहायचं, बोलायचं नाही, नुसतं नाकाने आणि कानाने लक्ष ठेवायचं. कातड्याचा वास बदलला की अर्धं काम झालं. दर मिनिटाला एक टिचकी. थप्प, थप्प, ठप, ठम, आणि एका क्षणी "टण्!" असा स्वच्छ आवाज निघाला की नऊ तोंडांतून एकदम "हां!" निघायचं. घाई केली तर कातडं फाटतं, आळस केला तर पुन्हा निवतं, हे त्या मुलांना आता कोणी सांगावं लागत नव्हतं.

विनिता रामजी मूळची मॉरिशसची. तिच्या खापरपणजोबांना रत्नागिरीकडून जहाजात बसवून उसाच्या मळ्यांवर नेलं, त्याला दीडशे वर्षं उलटून गेली. त्यामुळे तिचा पासपोर्ट मॉरिशसचा, भांडण करायची भाषा क्रेओल, आणि मराठी शाळेत शिकलेलं, गणपतीत घासून पुसून वापरलेलं. दुबईत एका हॉटेलच्या लाँड्रीत ती बावीस वर्षं सुपरवायझर होती. "सर्वांनी शांतता राखावी" असं ती म्हणाली की मुलं खुसखुसायची. दत्ताराम तर तोंडावर म्हणायचा, "ताई, तुमचं मराठी म्हणजे एकदम सरकारी पत्र."

"पाच पिढ्यांनी जपून ठेवलंय, दत्ताराम. इस्त्री केलेलं असणारच."

हा दत्ताराम गुहागरकडचा, शटरिंगचं काम करणारा सुतार. आठवड्यातले सहा दिवस तो साइटवर असायचा आणि रविवारी लेबर कॅम्पमधून बस पकडून वर्गाला यायचा. कोकणातली जाखडी त्याच्या अंगात भिनलेली होती. बेटावरचे मराठी लोक तिला झाकरी म्हणतात, पण फेर तोच, पायातले चाळ तेच. विनिताने पहिल्यांदा रावानवर ठेका धरला तेव्हा दत्ताराम मान कलती करून ऐकत राहिला आणि म्हणाला, "हा आपला दादराच की! पण जरा लंगडतोय."

"लंगडत नाही. बेडी घालून चालतोय," विनिता म्हणाली.

हे तिने उगाच म्हटलं नव्हतं. रावान तिच्या पूर्वजांचं नव्हतंच. त्यांच्याही आधी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचं ते वाद्य, आणि त्याच्या तालावरचं गाणं-नाचणं म्हणजे सेगा. विनिताचं हे रावान बनवलं होतं सिसिलिया आजीने. ही सिसिलिया किनाऱ्यावरच्या झोपडीत राहणारी म्हातारी क्रेओल बाई, विनिताच्या घराची शेजारीण. शनिवारी संध्याकाळी वाळूत जाळ पेटायचा. त्याच्याभोवती रावानं शेकायला ठेवलेली असायची. आधी सिसिलियाचा सेगा व्हायचा, मग विनिताचे वडील आणि काका चाळ बांधून झाकरीचा फेर धरायचे, आणि शेवटी कोण कशावर नाचतंय ते कोणालाच कळायचं नाही.

मग किनाऱ्यावर हॉटेल आलं. हॉटेलवाल्यांनी सिसिलियाला दर शनिवारी पाहुण्यांसमोर गायला बोलावलं, तिलाही बरं वाटलं. पहिल्या वर्षी धूर पाहुण्यांच्या डोळ्यांत जातो म्हणून जाळ बंद झाला. जाळ नाही तर कातडं बोलेना, म्हणून दुसऱ्या वर्षी प्लास्टिकचं रावान आलं. तिसऱ्या वर्षी मॅनेजर म्हणाला, "आजी, गाताना जरा हसा." सिसिलिया म्हणाली, "हे गाणं चाबकाखाली मेलेल्या माणसाचं आहे. हसू कोणत्या ओळीत घालू ते तूच दाखव." त्यानंतर तिला बोलावणं आलं नाही. चमकदार झगे घातलेल्या हसऱ्या पोरी आल्या. पुढे माहितीपत्रकावर गावचा किनारा छापून आला तेव्हा त्यात सिसिलियाची झोपडी नव्हती. नावा नव्हत्या, वाळत घातलेली जाळी नव्हती, एक माणूस नव्हतं. नुसती पांढरी वाळू आणि निळं पाणी.

त्याचंही विनिताला तेवढं वाटलं नसतं. पण काही वर्षांनी सुट्टीवर गेली असताना तिच्या भाचीने शाळेतलं चित्र दाखवलं. विषय होता 'माझा देश'. भाचीने पांढरी वाळू काढली होती, निळं पाणी काढलं होतं आणि एक रिकामी आरामखुर्ची. "माणसं कुठे आहेत गं?" विनिताने विचारलं. भाची म्हणाली, "माणसं काढली की चित्र खराब दिसतं, मावशी." त्याच सुट्टीत सिसिलियाने आपलं शेवटचं रावान तिच्या हातात दिलं होतं, आणि ते विमानात मांडीवर घेऊन विनिता दुबईला परत आली होती.

तर अशा या विनिताला डिसेंबरात गॅविनचा फोन आला. गॅविन वसईचा. कार्यक्रम भरवणाऱ्या एका कंपनीत नोकरीला, आणि ॲनेटचा बाप.

"आंटी, एका मोठ्या मॉलमध्ये आयलँड वीक आहे. सहली विकणारी कंपनी क्लायंट आहे, मॉरिशसची पॅकेजेस लाँच करतायत. मुलांना दहा मिनिटं स्टेज देतो. मस्त होईल!"

"रावान वाजेल?"

"वाजेल ना."

"आणि मुलं बोलतील ते त्यांचे शब्द?"

"टेन्शन नका घेऊ, आंटी. इन्शाल्ला सगळं होईल."

विनिताने महिनाभर मुलांची तयारी करून घेतली. प्रत्येकाला बेटावर आलेला एकेक माणूस दिला. कोणाला मळ्यावरचा मुकादम, कोणाला जहाजावर जन्मलेली मुलगी, कोणाला कोळी. अर्शला दिले तिचे खापरपणजोबा, ज्यांना नावाऐवजी नंबराने हाक मारायचे. ॲनेटला दिली सिसिलिया.

कार्यक्रमाला तीन दिवस उरले असताना जादा तालमीच्या वेळी एक मोठं खोकं येऊन पडलं. त्यात चमकीचे झगे, प्लास्टिकची फुलं, गाण्याचं रेकॉर्डिंग आणि ॲनेटसाठी एक छापील कार्ड. ॲनेटने ते मोठ्याने वाचलं, "वेलकम टू द आयलँड ऑफ स्माइल्स. नथिंग टू डू, नोव्हेअर टू गो, नो वन टू डिस्टर्ब यू." मग तिने कार्ड उलटं करून पाहिलं. "मिस, व्हेअर इज सिसिलिया?"

विनिताने तिथूनच गॅविनला फोन लावला. तो चुळबुळत म्हणाला, "आंटी, मी सांगून पाहिलं. तुम्हीच बोला ना ममता मॅडमशी."

ममता त्या कंपनीची मार्केटिंगची प्रमुख. बोलायला गोड होती आणि खोटंही बोलत नव्हती. "विनिताजी, लोक सुट्टीवर जातात ते दुःख विसरायला. इतिहास कोणी पॅकेजमध्ये विकत घेत नाही."

"मी विकतच नाहीये. मी वाजवणार आहे."

"अहो, पण ते ड्रम रिहर्सलच्या व्हिडिओत कधी वाजतं, कधी वाजतच नाही."

"तापवलं की वाजतं."

ममताने वेळापत्रक चाळलं. "ठीक आहे. रविवारी चार वाजता साउंड चेक आहे. तेव्हा तुमचं ड्रम चोख वाजलं तर ड्रम घ्या आणि तुमचे शब्दही घ्या. नाही वाजलं तर रेकॉर्डिंग, झगे आणि कार्ड. चालेल?"

"चालेल," विनिता म्हणाली. सिसिलियाच्या रावानवर तिचा तेवढा भरवसा होता.

रविवारी दुपारी तिने हॉलच्या पँट्रीत रावान मनासारखं तापवलं. टण् आवाज आला. तिने ते दत्तारामच्या हवाली केलं आणि आपण मुलांना घेऊन मेट्रोने निघाली. कातडं निवू नये म्हणून दत्ताराम एसी बंद करायला लावून मागून टॅक्सीने यायचा होता. आता दत्तारामने काय केलं पाहा. निघण्याआधी त्याने एक थाप मारून बघितली. त्याला आवाज पत्र्यासारखा चढा वाटला. घरी मृदंग असा चढला की त्याचे आजोबा डाव्या बाजूला ओल्या कणकेचा गोळा थापायचे, मग कसा घुमारा यायचा! एवढा मोठा कार्यक्रम, ताईंचं रावान खाली पडायला नको. त्याने शेजारच्या कॅफेटेरियातून मूठभर कणीक आणली, पाणी घालून मळली, आणि कातड्याच्या मधोमध पुरीएवढी चांगली दाबून थापली. वर पिशवी चढवली आणि टॅक्सीत बसला.

मॉलमध्ये स्टेज मोठं होतं. मागे भिंतभर पडदा, आणि त्यावर तोच किनारा. पांढरी वाळू, निळं पाणी, माणूस नाही. विनिता पडद्याकडे बघत उभी होती, तेवढ्यात दत्ताराम आला. तिने पिशवी काढली.

मधली कणीक अजून ओलीच होती. तासभर पाणी पिऊन पिऊन कातडं खाली लोंबलं होतं.

"आयो!" विनिताच्या तोंडून बेटावरची हाक निघाली. "हे काय आहे?"

"कणीक," दत्ताराम म्हणाला. "घुमाऱ्यासाठी. मृदंगाला लावतो ना आपण..." बोलता बोलताच त्याला तिच्या चेहऱ्यावरून सगळं समजलं आणि त्याचा आवाज बसत गेला. "ताई, मी वाट लावली का?"

तिने थाप मारली. भस्स. ओल्या गोणपाटावर मारावं तसा आवाज. खाली उभ्या असलेल्या ममताने मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, पण नजर घड्याळावर होती.

"सॉरी, विनिताजी. ठरल्याप्रमाणे रेकॉर्डिंग."

"कार्यक्रम किती वाजता?"

"साडेपाच."

"मग अजून दीड तास आहे. मला फक्त विस्तव हवाय."

"विस्तव?" गॅविनने कपाळावर हात मारला. "आंटी, इथं अगरबत्ती लावली तरी वरून पाणी सुरू होतं! हेअर ड्रायर देतो, मेकअप रूममध्ये आहे."

"ड्रायरने वरचं सुकेल, आतलं ओलं राहील, आणि पहिल्या थापेला तडकेल. बावीस वर्षं कापड वाळवतेय मी, गॅविन. कसं सुकतं ते मला शिकवू नकोस."

तेवढ्यात अर्शने कान टवकारले. "मिस, ऐका. टण्!"

खरंच, कुठून तरी आवाज येत होता. मॉलचा दरवाजा उघडला की यायचा, मिटला की थांबायचा. मुलं आवाजाच्या मागावर निघाली आणि त्यांच्या मागे रावान घेऊन विनिता आणि दत्ताराम. गॅविन ओरडला, "आंटी, साडेपाच!"

"साडेपाचला येतो!"

दरवाजाबाहेर पार्किंगच्या कडेला, खजुराच्या झाडांमागे, पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यातले आठ-दहा अरब पुरुष बसले होते. मध्ये लोखंडी पत्र्यात निखारे फुललेले, आणि भोवती ढोल आणि डफ कडेवर उभे करून शेकायला ठेवलेले. दर रविवारी मॉलच्या प्रवेशद्वाराशी पर्यटकांसमोर हातात काठ्या घेऊन नाचणारी इथली पारंपरिक मंडळी होती ती. त्यांचा म्होरक्या सत्तरीचा होता, नाव खल्फान. त्याने लोंबणारं रावान पाहिलं, मधला पांढरा डाग पाहिला, बोट लावून वास घेतला आणि जुन्या दुबईकरांच्या हिंदीत विचारलं, "ये रोटी किसने बनाया इसके ऊपर?"

दत्ताराम मागे तोंड लपवून उभा राहिला. मुलं फिस्सकन हसली, आणि विनितालाही नको असताना हसू आलं.

"बाबा, थोडा आग मिलेगा?" तिने विचारलं.

"आग सबका है. बैठो."

तिने आपल्या हॉटेलच्या की-कार्डाने कणीक हलक्या हाताने खरवडून काढली. कोरड्या रुमालाने कातडं टिपलं. मग निखाऱ्यांपासून चांगलं दोन हात लांब धरून ते फिरवायला लागली. खल्फान बघत होता. तिने जरा जवळ नेलं की तो जीभ टाळ्याला लावून "चक्" करायचा. ती पुन्हा लांब धरायची.

"आपको अंदर तपाने नहीं देते?" तिने विचारलं.

"दो साल पहले हमको भी बोला, बाबा, आग नहीं, रेकॉर्ड बजाओ, तुम खाली लकडी घुमाओ, टूरिस्ट को मालूम नहीं पडता." खल्फानने निखाऱ्यात एक कोळसा टाकला. "हम बोला, हमको मालूम पडता. खलास. हम घर गया. चार हफ्ता कोई नहीं आया नाचने. फिर उन लोग ने ये कोना दिया."

मुलं निखाऱ्यांभोवती गोल करून बसली होती. दर मिनिटाला टिचकी. भस्स. भस्स. थप्प. "नाउ इट्स ओन्ली कोल्ड," ॲनेट कुजबुजली. पाच वाजले. थप्प. सव्वापाच झाले. ठप. विनिताचे हात भरून आले तेव्हा खल्फानने रावान तिच्या हातातून घेतलं आणि स्वतः फिरवायला लागला. मध्ये डाग अजून दिसत होता, पण कातडं हळूहळू सपाट होत होतं. पाच वाजून चोवीस मिनिटांनी त्याने टिचकी मारली. टण्!

"हां!" नऊ मुलं आणि ते आठ-दहा अरब एकदम म्हणाले.

"यल्ला," खल्फान म्हणाला. "अंदर ठंडा बहुत है. दस मिनिट में ये फिर सो जायेगा. भागो."

ती धावली. मुलंही धावली. स्टेजजवळ पोचले तेव्हा समोर दोनशे-अडीचशे लोक बसलेले, आणि ममता हातात माइक घेऊन उभी. विनिताने सगळ्यांदेखत थाप मारली. आवाज मॉलच्या काचेच्या छतापर्यंत गेला. पुढच्या रांगेतलं एक बाळ दचकून रडायला लागलं.

"वाजलं," विनिता म्हणाली.

ममताने आवाज खाली आणला. "वाजलं, मान्य. पण चेक चारला होता. आता रेकॉर्डिंग लागलंय, लाइट्स त्याच्यावर सेट आहेत, आणि याला धुराचा वास येतोय, विनिताजी. आमचे डायरेक्टर समोर बसलेत. ड्रम खाली ठेवा, मुलांना झगे घालून वर पाठवा. सेम थिंग आहे."

तिचं म्हणणं ठरल्याप्रमाणे बरोबर होतं, आणि तेच विनिताला टोचलं. चारचा शब्द तिनेच दिला होता. शब्द मोडणं तिला जमत नसे. पण शब्द दिला होता तो तिने, मुलांनी नव्हे. ती गुडघ्यांवर बसली आणि वर्गात विचारायची तसंच विचारलं, "रेकॉर्डिंग लागलंय. नीट ऐका. काय म्हणतंय?"

स्पीकरमधून ढोलके, गिटार आणि समुद्राच्या लाटा येत होत्या. मुलांनी डोळे मिटले. गॅविन ओरडत होता, "कमॉन, कमॉन, वर चला!" कोणी हललं नाही. शेवटी ॲनेटने डोळे उघडले. तिने स्टेजमागच्या पडद्याकडे पाहिलं, त्या पांढऱ्या वाळूकडे.

"देअर इज नोबडी इन इट, मिस."

"मग?" विनिता म्हणाली.

"मग आपण बाहेर जाऊ," अर्श म्हणाला. "तिथं शेगडी आहे. झोपणारच नाही ते."

विनिता उभी राहिली. "ममताताई, शब्द मी दिला होता, तो मी पाळते. रेकॉर्डिंग तुमचं, झगे तुमचे, स्टेज तुमचं. घ्या. मुलं मात्र माझ्या शब्दात नव्हती. ती त्यांच्या पायांनी निघाली."

"ॲनेट!" गॅविन पुढे आला. "बेबी, स्टेजवर जा. डॅडाचं काम आहे."

"नो, डॅडा."

गॅविन विनिताकडे वळला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "आंटी, तुम्ही माझी नोकरी घालवणार!"

"तुझ्या लग्नात अंघोळीचं उंबराचं पाणी आणायला गावातली माणसं विहिरीवर गेली होती ना?"

"त्याचं इथं काय?"

"वाजत काय होतं? कातड्याचं घुमट, की मोबाइल?"

गॅविन काही सांगेपर्यंत विनिता थांबली नाही. तिने रावान खांद्याला लावलं आणि चालता चालता ठेका धरला. मागे नऊ मुलं झाकरीच्या पावलांनी, दोन पुढे, एक मागे. कपड्यांच्या दुकानांसमोरून, सरकत्या जिन्यासमोरून, दोन सिक्युरिटीवाल्यांच्या मधून. एक म्हणाला, "मॅडम, परमिशन?" ती म्हणाली, "बाहर ही जा रहे हैं, भैया." बाहेर जाणाऱ्याला अडवायचा नियम त्यांच्याकडे नव्हता.

खल्फानच्या माणसांनी जागा करून दिली. दत्ताराम खजुराच्या झाडाला टेकून मान खाली घालून बसला होता.

"दत्ताराम, चाळ बांधा."

"नको ताई. माझ्या हातून आज..."

"हात नकोत मला तुमचे. पाय द्या."

त्याने डोळे पुसले, पिशवीतून चाळ काढले आणि बांधले. फेर सुरू झाला. निखाऱ्यांच्या जवळ रावान निवायचं नावच घेत नव्हतं, उलट चढत होतं. मध्ये कणकेचा डाग होता तिथे थाप जरा जाड पडायची, घुमायची. दत्ताराम नाचता नाचता ओरडला, "ताई, घुमारा आला!"

"गप्प नाचा!"

दरवाजातून माणसं बाहेर यायला लागली होती. फार नव्हती, तीस-पस्तीस असतील. एक अरब आजी ढकलगाडीतल्या नातवाला घेऊन आली, काही फिलिपिनो मुली आल्या, आणि गळ्यात कॅमेरे अडकवलेलं एक गोरं जोडपं. खल्फानच्या एका माणसाने डफ उचलून ठेक्यात ठेका मिसळला. मग एकेक मूल फेरातून पुढे येऊन बोललं. अर्श छाती काढून म्हणाला, "मी नंबर दोन लाख अकरा हजार. मला नाव होतं. माझं नाव रामजी." नंबर त्याने थोडा चुकवला, पण नाव बरोबर सांगितलं.

शेवटी ॲनेटची पाळी आली. ती पुढे आली आणि घुटमळली. लोकांच्या घोळक्यामागे तिचा बाप उभा होता. त्याच्या हातातला फोन वाजत होता. त्याने स्क्रीनकडे पाहिलं, मग मुलीकडे पाहिलं, आणि फोन तसाच वाजता खिशात घातला.

"जोरात बोल, बाय," तो वसईच्या चालीत म्हणाला. "मागं ऐकू येत नाय."

ॲनेटने दरवाजाच्या काचेकडे बोट केलं. काचेतून आतलं स्टेज दिसत होतं. सगळे दिवे लागलेले, रेकॉर्डिंग चालू, पडद्यावर रिकामा किनारा, आणि पडद्यापुढेही कोणी नाही.

"यू सी दॅट बीच?" ॲनेट म्हणाली. "दॅट इज सिसिलियाज हाउस. दे टुक इट आउट ऑफ द पिक्चर. शी मेड धिस ड्रम." ती थांबली. पाठ केलेलं तिथेच संपत होतं. मग तिने स्वतःचं एक वाक्य जोडलं, "सो नाउ यू हॅव सीन हर."

गोऱ्या बाईने कॅमेरा खाली केला आणि काचेतून तो किनारा पुन्हा एकदा नीट पाहिला.

आता सूर्य कलला होता. विनिताने थाप थांबवली आणि बोटाने कातडं चाचपलं. वारा सुटला होता, कड जरा सैल वाटत होती. खल्फानने न सांगता निखारे काठीने सारखे केले. तिने रावान दोन हात लांब धरलं आणि फिरवायला घेतलं. मुलं आपसूक गोल करून बसली. त्यांच्यामागे बघायला आलेले लोकही हळूहळू जमिनीवर बसले. कार्यक्रम संपला की चालू आहे, ते त्यांना कळत नव्हतं.

"मिस, आता काय?" अर्शने विचारलं.

"आता शांतता राखावी," विनिता म्हणाली. "आणि ऐकावं."